मुळांचा श्वास

शेतात पावसाचे पाणी तुंबून राहिले, की पीक पिवळे पडते. पायाशी पाणी असूनही रोपे माना टाकतात. पाणी हे वनस्पतींचे जीवन. मग तेच त्यांच्या जिवावर का उठते?

याचे कारण असे, की पानांप्रमाणे मुळेही श्वासोच्छ्वास करतात. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते. तिच्यातील प्राणवायूमुळे मुळांना शक्ती मिळते व त्या शक्तीच्या बळावर ती क्षार शोषून घेतात. पोकळ्या पाण्याने भरल्या, की मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. भात मात्र याला अपवाद आहे. त्याच्या खोडातून मुळांपर्यंत हवेच्या सूक्ष्म वाटा गेलेल्या असतात.

१८६० साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस झाक्स यांनी क्षार विरघळवलेल्या पाण्यात, मातीवाचून रोपे वाढवून दाखविली. परंतु अशा शेतीत मुळांना हवा मिळावी कशी, हा प्रश्न राहिलाच. साचलेल्या पाण्यातील प्राणवायू मुळे लवकर संपवितात, आणि नवा प्राणवायू त्यात फार मंद गतीने पसरतो.

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर इंग्लंडमधील लिटलहॅम्प्टन येथील संशोधन संस्थेत अ‍ॅलन कूपर यांनी शोधून काढले. त्यांच्या पद्धतीत रोपे लांब, उतरत्या पन्हळीत ओळीने ठेवतात. वरच्या टोकाला सोडलेले क्षारयुक्त पाणी पातळ थराने वाहत खालच्या टाकीत पडते, व पंप ते पुन्हा वर चढवितो. मुळांचा खालचा भाग पाण्यात भिजतो. वरचा भाग दमट हवेत मोकळा राहतो. टाकीत पडताना पाणी खळाळते, तेव्हा त्यात पुन्हा हवा मिसळते.

येथे सारे यश प्रमाणावर अवलंबून असते. दर १०० सेंटिमीटर लांबीला १ ते २ सेंटिमीटर उतार आणि मिनिटाला १ ते २ लिटर पाणी, हे सर्वसाधारण प्रमाण होय. प्रवाह फार वाढला तर थर जाड होऊन मुळे बुडतात. फार घटला तर शेवटची रोपे उपाशी राहतात. पन्हळ मध्येच वाकली, तर त्या खळग्यात पाणी साचते आणि मुळे कुजतात. पन्हळ अतिशय लांब असल्यास पुढची रोपेच बराचसा प्राणवायू घेतात.

उष्णतेचाही विचार करावा लागतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच मावतो. उलट, उष्णतेने मुळांची गरज वाढते. म्हणून टाकी सावलीत ठेवतात.

सर्वांत मोठा धोका पंप बंद पडण्याचा. जमिनीत ओलावा साठलेला असतो; पन्हळीत तसा साठा नसतो. कडक उन्हात पंप थांबला, तर काही तासांतच रोपे कोमेजतात. यासाठी जाणता बागाईतदार दुसरा पंप सज्ज ठेवतो.

शेतकरी जमीन भुसभुशीत करतो, पाणी निघून जाण्यासाठी चर खणतो. पन्हळीत रोपे वाढविणारा उतार मोजतो आणि प्रवाहावर नजर ठेवतो. दोघांचीही खटपट एकाच गोष्टीसाठी असते: मुळांना पाणी मिळावे, आणि श्वासही घेता यावा.