वल्हांडणाआधीची झाडलोट

सण आला की घर झाडायचे, भिंतींना चुना लावायचा, डबे घासायचे, हे आपल्याला नवे नाही. दिवाळीला कोण घर आवरीत नाही? पण यहुदी लोकांच्या एका सणात झाडलोट म्हणजेच निम्मा सण. तो सण वल्हांडणाचा. त्याला ते पेसाह म्हणतात.

हा सण कशाचा? गोष्ट फार जुनी आहे. यहुदी लोक मिसर देशात राजाचे गुलाम होते. विटा पाडायच्या, ओझी वाहायची, वर मार खायचा. देवाने मोशेच्या हातून त्यांना सोडवले, असे त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. निघताना इतकी घाई झाली, की भिजवलेले पीठ आंबायलाही सवड मिळाली नाही. तसेच पीठ खांद्यावर टाकून ते निघाले. त्याच्या पोळ्या भाजून खाल्ल्या. त्या पोळीचे नाव मत्सा. या सुटकेची आठवण म्हणून दर वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास हा सण येतो. इस्राएल देशात तो सात दिवस असतो, बाहेर बहुतेक ठिकाणी आठ.

या दिवसांत आंबलेले खायचे नाही. खायचे तर नाहीच, घरात ठेवायचेही नाही. गहू, जव, ओट, राय आणि गव्हाच्या जातीचे स्पेल्ट, या पाच धान्यांचे पीठ ओले होऊन आंबले की ते हामेत्स झाले. पाव, बिस्किटे, केक, बिअर, सगळे त्यात आले.

मग घरोघर काम सुरू होते. फडताळे उपसतात. पिठाचे डबे रिकामे करतात. मुलांच्या खिशांतला चुरासुद्धा झटकतात. सणाची भांडी वेगळी काढतात, नाहीतर रोजचीच काही भांडी उकळत्या पाण्यातून काढून शुद्ध करून घेतात. सणाच्या आदल्या रात्री मेणबत्ती लावून शेवटचा शोध घेतात. शोध फुकट जाऊ नये म्हणून कित्येक घरांत पावाचे दहा तुकडे आधीच लपवून ठेवतात. मुले ते शोधतात. सापडलेला चुरा पिसाने गोळा करतात आणि सकाळी जाळून टाकतात.

तुम्ही म्हणाल, पावाच्या चुऱ्याला एवढं काय भ्यायचं? तर पाव आणि मत्सा शेजारी ठेवून पाहा. पीठ तेच, पाणीही तेच. फरक आहे तो फुगण्याचा. पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आत मत्सा भाजायची असते. पीठ नुसते पडून राहिले की आपोआप आंबू लागते. कुणी काही करावे लागत नाही.

माणसाच्या मनाचेही असेच आहे. म्हणून यहुदी धर्मपंडितांनी खमिराला मनातल्या वाईट वासनेची उपमा दिली. गर्व असाच नकळत चढतो. माणूस तोच असतो, पण चार पैसे आले, चार लोक नमस्कार करू लागले, की फुगतो. आत मात्र नुसती हवा. मिसरचा राजा असाच फुगला होता. दुसऱ्यांची माणसे त्याला माणसे वाटेनात.

गुलाम सुटला, हे चांगलेच झाले. पण उद्या तोच दुसऱ्यावर चाबूक उगारू लागला तर? बाहेरचा राजा मागे राहिला, मनातल्या राजाला कुणी हाकलायचे? ती झाडलोट ज्याची त्यालाच करावी लागते. मेणबत्ती घेऊन माणूस स्वतःच्याच घराचे कोपरे पाहतो. शेजाऱ्याच्या घरात डोकावत नाही.

आणि या शोधाला एक हद्द आहे. कितीही शोधले तरी एखादा कण राहणारच. म्हणून शोध संपल्यावर घरधनी बोलून दाखवतो, की जे माझ्या नजरेतून सुटले ते आता माझे नव्हे, ते मातीमोल समजावे. इथे थांबायचे. यहुदी गुरू बायकांना पुन्हा पुन्हा सांगतात, की धूळ म्हणजे हामेत्स नव्हे. घासूनपुसून घरची बाई पहिल्या रात्रीच्या जेवणाला डोळे उघडे ठेवू शकली नाही, तर सुटकेच्या सणात तीच गुलाम झाली की!

हा सण आपल्या कोकणातही फार जुना आहे. अलिबागेच्या बाजूचे बेने इस्राएल लोक मराठी बोलणारे यहुदी. तेल गाळायचा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. एके काळी त्यांच्याजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते. या सणाला ते अनाशी ढाकाचा सण म्हणत. आंबट पाण्याचे भांडे आठ दिवस झाकून ठेवीत. पोथी नव्हती, पण हाताला सवय होती. ती सवय त्यांनी सोडली नाही. सणाआधी घराला चुना द्यायचा आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई करायची, ही त्यांची रीत. पुढे १८७४ साली पुण्यात या सणाची पोथी, म्हणजे हागादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका मत्सा करताना दिसतात. १९४८ नंतर यांतले बरेच लोक इस्राएलला गेले. काही अजून मुंबई, ठाणे आणि रायगडात राहतात.

आम्हाला एक गोष्ट फार मोलाची वाटते. यहुद्यांच्या बहुतेक प्रार्थना हिब्रू भाषेत आहेत. पण या सणातली दोन बोलणी अरामी भाषेत आहेत. जुन्या काळी ती साध्या लोकांची बोली होती. एक बोलणे न सापडलेले हामेत्स सोडून देण्याचे. दुसरे पहिल्या रात्री जेवणाच्या आरंभीचे. त्यात भुकेल्याला आत येऊन जेवायला बोलावतात. अरामी समजत नसेल, त्याने हामेत्स सोडण्याचे बोलणे आपल्याला समजेल त्या भाषेत म्हणावे, असा नियम आहे. आणि भुकेल्याला बोलावणे नुसते तोंडदेखले राहू नये, म्हणून सणाआधी गावोगाव गरिबांच्या मत्सांसाठी वर्गणी जमवतात.

घर लख्ख झाले, भांडी चकचकीत झाली, पण शेजारी उपाशी निजला, तर हामेत्स घरातच राहिले म्हणायचे. ते फडताळात नसते, एवढेच.