महिन्यांचा हिशोब संगणकाला कसा शिकवावा?

आमच्या पुष्कळ व्यापारी बांधवांच्या दुकानात आता संगणक आला आहे. विक्री त्यात नोंदली जाते, पण वर्षाचा आढावा घेताना महिने आणि तारखा हमखास गोंधळ घालतात. त्यासाठी 'आर' ही संगणक-भाषा उपयोगी पडते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ती तयार केली. ती विनामूल्य मिळते.

पहिली अडचण क्रमाची. विक्री महिनावार मांडायला सांगितली, की यादीत एप्रिल पहिला, मग ऑगस्ट, मग डिसेंबर, आणि सप्टेंबर शेवटी! कारण संगणकाला महिना हा केवळ इंग्रजी शब्द वाटतो व तो अक्षरांप्रमाणे लावतो. 'आर'मध्ये बारा महिन्यांची नावे 'मंथ डॉट नेम' या नावाने तयार असतात. 'फॅक्टर' या आज्ञेत तोच क्रम नेमून दिला, की जानेवारी ते डिसेंबर यादी सरळ लागते.

दुसरी अडचण तारखेची, आणि ती अधिक धोक्याची. आपण 05/06/2024 म्हणजे 5 जून लिहितो. 'आर' मात्र आपण होऊन साल आधी आहे असे धरते व ही तारीख साल 5, 20 जून अशी वाचते. चूक झाल्याचे सांगतही नाही! म्हणून 'अ‍ॅज डॉट डेट' या आज्ञेत तारखेचा नमुना स्वतः द्यावा. टक्का चिन्हापुढे लहान डी म्हणजे दिवस, लहान एम म्हणजे महिन्याचा अंक, मोठा बी म्हणजे महिन्याचे पूर्ण नाव व मोठा वाय म्हणजे चार अंकी साल. नुसते 'जून 2024' दिल्यास तारीख बनत नाही. पुढे 1 हा दिवस जोडावा लागतो.

एकदा तारीख नीट वाचली, की उधारीचा हिशोब सोपा. 'आर' प्रत्येक तारीख 1 जानेवारी 1970 पासूनचे दिवस मोजून ठेवते. त्यामुळे एक तारीख दुसरीतून वजा करता येते. 5 जूनला दिलेल्या मालाचे पैसे 20 ऑगस्टला आले, तर उत्तर 76 दिवस.

आता आपल्या धंद्याची खरी गोष्ट. रमजान ईद आपल्याकडे 2023 साली 22 एप्रिलला, 2024 साली 11 एप्रिलला, तर 2025 साली 31 मार्चला झाली. कापड, अत्तर किंवा शेवयांच्या व्यापाऱ्याने 2024 चा एप्रिल 2025 च्या एप्रिलशी ताडून पाहिला, तर धंदा बसला असेच वाटेल. धंदा बसलेला नसतो, हंगाम मार्चमध्ये सरकलेला असतो. अशा आकड्यांवर भरवसा ठेवून पुढच्या मालाची मागणी कमी केली, तर ऐन ईदेत गिऱ्हाईक परत जाईल.

उपाय असा : प्रत्येक वर्षाची ईदेची तारीख वेगळ्या रकान्यात ठेवावी आणि विक्रीची तारीख तिच्यातून वजा करावी. मग ईदेपूर्वीचे 30 दिवस यंदाचे व गतसालचे समोरासमोर येतात. पुढच्या ईदेची तारीख मात्र चंद्रदर्शनावर असल्याने अंदाजी टाकावी व नंतर दुरुस्त करावी.

आमची सूचना एवढीच, की सुरुवात वहीपासून करावी. तारीख नेहमी एकाच पद्धतीने, साल चार अंकी लिहावे. नोंद चोख असेल, तरच संगणकाचा हिशोब चोख येतो.