आकडा जन्माचा, आजार चाळिशीचा

हंटिंग्टन रोगाचं मूळ कोणत्या जनुकात आहे, हे १९९३ सालीच कळलं. पण जन्मापासून शरीरात असलेला दोष ऐन चाळिशीत का उफाळतो, याचं उत्तर आता हाती येऊ लागलं आहे. उपचारांची वाटही त्याच उत्तरातून निघते आहे.

तिशी-चाळिशीपर्यंत ठणठणीत असलेला माणूस हळूहळू बदलू लागतो. आधी स्वभाव बदलतो. चिडचिड वाढते, मन उदास राहतं, साध्या हिशेबात तो अडखळतो. मग बोटं, खांदे, चेहरा आपोआप हलू लागतात. चालताना झोक जातो आणि बघणाऱ्याला वाटतं, हा प्यायलेला आहे. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आधी बोलणं जातं, मग गिळणंही. आई-वडिलांपैकी एकाला हा रोग असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो की मुलगी.

अमेरिकेतल्या लाँग आयलंडवर ज्यांचे आजोबा आणि वडील दोघंही डॉक्टर होते, त्या जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविशीत, या रोगाचं नेमकं वर्णन छापलं. घरातल्या तीन पिढ्यांनी त्याच गावातली तीच कुटुंबं पाहिली होती, म्हणूनच त्यांना एक गोष्ट ठामपणे सांगता आली. एखादं मूल या रोगातून सुटलं, तर त्याच्या पुढच्या पिढ्याही सुटतात. रोग एक पिढी गाळून पुन्हा उगवत नाही. आनुवंशिकतेचे मेंडेलचे नियम तेव्हा वैद्यकाच्या जगात कुणाला ठाऊकही नव्हते.

माराकाइबोच्या काठावर

पुढची शंभर वर्षं डॉक्टरांना निदान करता येत होतं, कारण सांगता येत नव्हतं. ते सापडलं व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या काठावर. तिथल्या गरीब कोळी वस्त्यांमध्ये हा रोग जगात इतरत्र कुठेही आढळत नाही इतक्या दाटीनं आहे. आमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टरांनी १९५०च्या दशकात तो तिथे ओळखला. नंतर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॅन्सी वेक्सलर तिथे वर्षानुवर्षं जात राहिल्या. त्यांच्या आईला १९६८ मध्ये याच रोगाचं निदान झालं होतं, म्हणजे धोका खुद्द त्यांच्याही रक्तात असू शकत होता. त्यांच्या चमूनं तिथल्या कुटुंबांची अठरा हजारांवर माणसांची वंशावळ मांडली आणि चार हजारांहून अधिक जणांनी तपासणीसाठी रक्त दिलं.

त्या रक्तातून १९८३ मध्ये जेम्स गुसेला यांनी दोषाचा पत्ता शोधला. तो होता चौथ्या गुणसूत्राच्या एका टोकाजवळ. प्रत्यक्ष जनुक हाती यायला आणखी दहा वर्षं लागली. १९९३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून ते जाहीर केलं.

तीन अक्षरांची पुनरावृत्ती

डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी आणि सी. दर तीन अक्षरांमागे प्रथिनाचा एक घटक ठरतो. हंटिंग्टनच्या जनुकात, अगदी सुरुवातीला, ‘सीएजी’ ही तीन अक्षरं पाठोपाठ येतात. ती सगळ्यांच्याच जनुकात येतात. प्रश्न आहे तो किती वेळा, एवढाच.

२६ किंवा त्याहून कमी वेळा आली तर काहीच बिघडत नाही. २७ ते ३५ असतील तर त्या व्यक्तीला रोग होत नाही, मात्र पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो. ३६ ते ३९ असतील तर रोग होईल किंवा टळेलही. ४० किंवा त्याहून अधिक असतील, तर सामान्य आयुर्मान लाभलेल्या माणसाला तो होतोच. आकडा साठीच्या पुढे गेला तर बालपणात किंवा किशोरवयातच लक्षणं दिसू शकतात. शुक्राणू तयार होताना आकडा वाढण्याची शक्यता अधिक असल्यानं लहान वयातला रोग बहुधा वडिलांकडून येतो.

सीएजी म्हणजे ग्लुटामीन हा घटक. सीएजी जितके जास्त, तितकी हंटिंग्टिन या प्रथिनाच्या टोकाला ग्लुटामीनची साखळी लांब. अशा प्रथिनाचे तुकडे एकमेकांना चिकटतात आणि पेशीच्या केंद्रकात त्यांच्या गाठी होतात. कोणती जनुकं कधी चालू ठेवायची, याचं पेशीतलं नियंत्रण बिघडतं. ऊर्जानिर्मिती मंदावते. चेतापेशींना तगवणाऱ्या पोषक प्रथिनाचा पुरवठाही घटतो. सर्वांत आधी मरतात त्या मेंदूच्या आत खोलवर असलेल्या ‘स्ट्रायटम’ या भागातल्या पेशी. हालचालींवर आणि मनाच्या आवेगांवर लगाम ठेवण्याचं काम याच भागाकडे असतं.

मग चाळीस वर्षं काय चाललं होतं?

सदोष जनुक गर्भापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं. तरीही पेशी मरतात त्या मेंदूतल्या ठरावीक जागीच, आणि त्याही अनेक दशकांनंतर. असं का?

याचं कारण असं, की जन्मी मिळालेला आकडा आयुष्यभर तोच राहत नाही. डीएनएच्या दोन पट्ट्या काही काळ सुटतात आणि पुन्हा जुळतात. सदऱ्याचं एक काज चुकलं की शेवटी एक बटण उरतं, तसं एकसारख्या अक्षरांच्या लांब ओळीत पट्टी सरकते आणि एक फुगवटा उरतो. डीएनएची दुरुस्ती करणारी प्रथिनं तिथे धावतात. पण फुगवटा कापून टाकण्याऐवजी ती समोरच्या पट्टीत तेवढी भर घालतात, आणि सीएजीची संख्या वाढते. स्ट्रायटममधल्या चेतापेशींत हे वर्षानुवर्षं चालतं.

हजारो रुग्णांच्या जनुकीय पाहणीतून याला भक्कम दुजोरा मिळाला. सारख्याच आकड्याच्या दोघांपैकी एकाला रोग आधी का होतो, हे शोधताना एमएसएच-३, एमएलएच-१, फॅन-१ अशी जनुकं पुढे आली, आणि ती सगळी डीएनए-दुरुस्तीचीच निघाली. आणखी एक पुरावा तर फारच बोलका आहे. ग्लुटामीन ‘सीएए’ या अक्षरांनीही लिहिता येतं, आणि बहुतेकांच्या ओळीच्या शेवटाजवळ असा एक सीएए असतो. काही जणांत त्याच्या जागी सीएजीच असतो. प्रथिन तेच, ग्लुटामीन तेवढेच, पण सलग सीएजींची ओळ लांब. अशा माणसांना रोग बराच आधी गाठतो. म्हणजे आजाराचं घड्याळ प्रथिनापेक्षा डीएनएमध्ये चालतं.

२०२५च्या जानेवारीत ब्रॉड इन्स्टिट्यूट आणि हार्वर्डच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतली एकेक पेशी तपासून याचं चित्र मांडलं. आकडा सुरुवातीला संथ वाढतो, ऐंशीच्या आसपास वेग घेतो, आणि दीडशेच्या पुढे गेल्यावरच पेशीचा कारभार कोसळू लागतो. तोवरची कित्येक वर्षं ती पेशी जवळपास निरोगी असते. या मर्यादेबद्दल शास्त्रज्ञांत चर्चा चालू आहे. तरी मधल्या काळात पेशी वाचवता येईल, ही शक्यता इतकी ठोसपणे पूर्वी कधी दिसली नव्हती.

उपचारांच्या दोन वाटा

पहिली वाट घातक प्रथिन कमी करण्याची. ती अवघड आहे, कारण निरोगी हंटिंग्टिनशिवाय उंदराचं भ्रूणही जगत नाही. चांगलं-वाईट दोन्ही प्रथिन घटवणाऱ्या ‘टॉमिनर्सेन’ची मोठी चाचणी मार्च २०२१ मध्ये थांबवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र वेगळी बातमी आली. ‘एएमटी-१३०’ हे जनुकीय औषध दीर्घ शस्त्रक्रियेतून थेट स्ट्रायटममध्ये सोडतात. जास्त मात्रा दिलेल्या १२ रुग्णांमध्ये तीन वर्षांत रोगाची गती ७५ टक्क्यांनी मंदावल्याचं कंपनीनं जाहीर केलं. रुग्ण मोजके आहेत आणि तुलना बाहेरच्या रुग्णांच्या नोंदींशी केलेली आहे. पण हा रोग मंदावू शकतो, हे म्हणण्याला आता काही आधार आहे.

दुसरी वाट आकड्याची वाढच रोखण्याची. एमएसएच-३चं काम मंद केलं तर चाळीसचे ऐंशी व्हायला लागणारा काळ लांबेल, आणि चाळिशीतला आजार ऐंशीपर्यंत ढकलता येईल, अशी ही आशा आहे.

आपल्याकडेही हा रोग आहे, आणि लग्नं मोडतील या भीतीनं तो घरातच दडवला जातो. अशा घरांनी जनुकीय समुपदेशकाकडे जावं. तपासणी करायची की नाही, हे सज्ञान झालेल्या प्रत्येकानं स्वतः ठरवायचं. आपला आकडा न जाणण्याचाही हक्क त्याला आहे. तरुण मुला-मुलींना वाट दाखवण्याऐवजी गप्प बसवणं, हा मात्र अन्यायच.

नॅन्सी वेक्सलर यांनी २०२० मध्ये जाहीर केलं, की हा रोग त्यांनाही झाला आहे. माराकाइबोच्या काठावरचे कोळी आजही गरीबच आहेत. या जनुकाबद्दल जगाला जे कळलं, त्याचा पाया त्यांच्या रक्तानं घातला. उद्याचं औषध त्यांच्या वस्तीपर्यंत पोचवणं, हा विज्ञानाच्या कामाचाच भाग मानला पाहिजे.