खाका

आवडता सदरा कोपरावर विरतो, कॉलर झिजते, पण गळ्याभोवतीचं भरतकाम शाबूत असतं. तेवढा तुकडा कापून नव्या सदऱ्यावर लावला तर शिवणीची कड दिसते. शिवाय जुनं कापड आटून बसलेलं असतं, नवं धुतल्यावर आटतं आणि गळा चुरमडतो. नक्षी उचलायची ती कापड मागे ठेवून. त्यासाठी खाका.

खाका म्हणजे सुईनं टोचलेला ट्रेसिंग पेपर. मुंबईतल्या भरतकामाच्या कारखान्यांत कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून आरी, म्हणजे आकडीची सुई, चालवण्याआधी नक्षी अशीच छापून घेतात.

जुना सदरा इस्त्री करून टेबलावर पसरायचा, वर कागद टाचायचा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासायची. दोऱ्यांचे उंचवटे कागदावर उमटतात. त्यावरून दुसऱ्या कागदावर स्वच्छ रेघ काढायची. गळ्याची नक्षी अर्धीच काढावी. कागद मधोमध दुमडून टोचला की दोन्ही बाजू हुबेहूब जुळतात. खाली घोंगडीची घडी, भोकं साधारण दोन मिलिमीटरवर. मागे आलेली कूस बारीक पॉलिश पेपरनं घासली नाही तर भोकं मिटतात.

छपाईला रॉकेल लागतं. गडद कापडासाठी त्यात झिंकची पांढरी भुकटी, फिक्या कापडासाठी नीळ. नव्या कापडावर खाका ठेवून या मिश्रणात बुडवलेला बोळा पिळून वरून फिरवायचा. ओला राहिला तर ठिपके फुटतात. रॉकेल उडून जातं, ठिपके राहतात. जवळ विस्तव नको, आणि आधी चिंधीवर छापून, धुऊन पाहावं.

ही युक्ती फार जुनी. चीनमधल्या तुनह्वांगच्या लेण्यांत बुद्धाकृतींचे असे टोचलेले कागद सापडले. त्यांतले काही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. राफाएलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’चा मिलानमध्ये जपलेला आराखडाही टोचलेला आहे. एडिसननं 1876 साली पेटंट घेतलेलं विजेचं पेन कागदाला भोकंच पाडत असे. आणि रांगोळीसाठी उदबत्तीनं भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद तर आपल्या घराघरांत होता.

खरी परीक्षा नवा गळा मोठा असतो तेव्हा. खाका झेरॉक्सवर वाढवला की पानं सुजतात, टाके लांबतात, मूळची नजाकत जाते. जाणता कारागीर फुलं आहेत तेवढीच ठेवतो आणि मधे वेलीचं एखादं वळण जास्त घालतो. माझ्या मते निम्मी कला या वळणात आहे. छपाईही शिवण्याआधी, आखलेल्या अखंड कापडावर करावी. शिवलेल्या गळ्यावर कागद सपाट बसत नाही.

नीट पुसून, गुंडाळून ठेवलेला खाका पुन्हा पुन्हा चालतो. म्हणून जुना सदरा फडक्यात काढण्याआधी त्याच्या गळ्यावर एकदा कागद ठेवा. मधली रेघ आखा आणि कोपऱ्यात लिहून ठेवा, सदरा कुणाचा होता ते.