खालच्यांना कुणी विचारलं?

१४ जून २०२३. ग्रीसमधल्या पायलोसपासून दूर, भर समुद्रात एक मासेमारी बोट उलटली. लिबियातून इटलीकडे निघालेली. आत मुख्यतः पाकिस्तान, सीरिया, इजिप्तची सुमारे ७५० माणसं. वाचली १०४. मी बातमी पुन्हा वाचली. वाचलेल्यांत एकही बाई नव्हती! बायका-मुलं बोटीच्या तळाशी होती, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

आदल्या दिवशीच युरोपीय सीमादलाच्या विमानाला ही बोट दिसली होती. रात्री ग्रीक तटरक्षक दलाचं जहाजही तिथे होतं. 'त्यांनीच मदत नाकारली, त्यांना इटलीला जायचं होतं,' असा दलाचा खुलासा. पण अहो, नाही म्हणालं कोण? उत्तर आलं असेल ते वरच्यांचं. खाली लेकरांना पोटाशी धरून बसलेल्यांना कुणी विचारलं?

आपल्याकडे नाही का, दारात आलेल्याला कर्ता पुरुष 'आम्हाला काही नको' सांगून मोकळा होतो आणि आतल्यांची गरज आतच राहते! घरात ते एखाद वेळेस निभावतं. समुद्रात नाही. बोट खच्चून भरलेली, कुणाच्या अंगात लाइफ जॅकेट नाही. एवढं दिसत असताना वाचवायला होकार कशाला हवा?