वाकोल्यात पालिकेने दिलेली जागा

वाशीम-कारंज्याहून मुंबईला गेलेला माणूस टाटा हॉस्पिटल गाठतो, मंत्रालयात अडकलेली फाईल शोधतो आणि वेळ उरलाच तर सिद्धिविनायकाला जातो. सांताक्रूझ पूर्वेला उतरायचे काम पडले तरी ते कलिन्याच्या विद्यापीठापुरते. तिथून वाकोला जवळच आहे. तिथल्या नेहरू रोडवर महापालिकेच्या जुन्या इमारतीत समलिंगी पुरुषांसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टला जागा मिळाली. समलिंगी माणसांच्या हक्कांचा भारतातला इतिहास लिहायचा तर हा पत्ता वगळता येणार नाही.

अमेरिकेत अशा ठिकाणी सरकारी फलक लागतात. फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्या इमारतीसमोर १९६५ ते १९६९ या काळात दर ४ जुलैला काही समलिंगी स्त्री-पुरुष हातात पाट्या घेऊन शांतपणे फेऱ्या घालत. पुरुषांना कोट-टायची सक्ती, कारण कोणी बोट दाखवायला नको! २००५ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने तिथे ऐतिहासिक फलक बसवला. मुंबईत सरकारी दखल घेतली गेली ती निराळ्या तऱ्हेने. इथे आधी जागा मिळाली, आणि तीही समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा असताना.

हमसफर उभा करणारे अशोक राव कवी यांचा जन्म १९४७चा. तरुणपणी ते रामकृष्ण मठात संन्यासाच्या वाटेने गेले, परत आले आणि पत्रकार झाले. १९८६ साली ‘सॅव्ही’ मासिकातल्या मुलाखतीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचे स्वतःच्या नावानिशी सांगितले. विजय तेंडुलकरांचे समलिंगी तरुणीवरचे ‘मित्राची गोष्ट’ त्याआधी पाचच वर्षे रंगभूमीवर आले होते; पण मित्रा हे नाटकातले पात्र, आणि इथे खरे नाव, खरा चेहरा. १९९०मध्ये त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला.

पालिकेने जागा दिली ती एड्सच्या साथीच्या दिवसांत. ज्या पुरुषांपर्यंत सरकारी दवाखाना पोहोचत नव्हता, ते या संस्थेच्या माणसांशी बोलत. तिथे तपासणी होई, समुपदेशन होई आणि मुख्य म्हणजे चार माणसांत मोकळेपणाने बसता येई. माणुसकीपेक्षा रोगाच्या भीतीने हे दार उघडले, असे म्हणायला हरकत नाही. तरी ते उघडले, हे पालिकेच्या खात्यावर जमाच धरायला हवे. लखनौत २००१ साली याच प्रकारचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी उचलले आणि महिन्याहून अधिक काळ तुरुंगात ठेवले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ दोन्हीकडे एकच होते. फलक लावायचा झालाच तर त्यावर कवींच्या नावासोबत पालिकेच्या आरोग्य खात्याचेही नाव असावे, असे माझे मत.

पुढचा प्रवास न्यायालयातला आणि रस्त्यावरचा. १६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत समलिंगींच्या हक्कांसाठी मोर्चा निघाला. २ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ रद्दबातल ठरवले, ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ला पुन्हा मोकळीक दिली. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३मध्ये नाकारला गेला.

हमसफरचा आवाज महानगरी राहिला. मराठीत हे बोलणे रुजवले ते पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनी. २००२ साली त्यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि आईवडिलांना, शिक्षकांना समजेल अशा साध्या मराठीत या विषयावर पुस्तके लिहिली. ती आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात आहेत का, हे एकदा विचारून पाहावे. नसतील तर मागणीच्या वहीत नोंद करता येते.