यंत्राचा ताप आणि घसाऱ्याचा हिशेब

यंत्र चालले की तापते, ही गोष्ट कर्जत-खालापूरच्या माणसाला नव्याने सांगावयास नको. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात त्या काही केवळ बटाटेवड्यासाठी नव्हेत. ज्यांना आपण बँकर म्हणतो ती मागून ढकलणारी इंजिने येथे जोडली जातात, आणि ३७ फुटांत १ फूट असा चढ असलेला बोरघाट गाडी त्यांच्या बळावर चढते. १९२९ साली कल्याण ते पुणे हा मार्ग विजेवर आला. त्या काळच्या मालगाड्या ओढणाऱ्या विजेच्या इंजिनांना रेल्वेची मंडळी ‘खेकडा’ म्हणत. त्यांतला एक खेकडा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात पाहावयास ठेवला आहे.

विजेच्या इंजिनातील मोटारींची शक्ती दोन प्रकारे सांगतात. एक, तासभर जोर लावून पेलता येईल इतकी. आणि दुसरी, अखंड पेलता येईल इतकी. पहिला आकडा मोठा, दुसरा लहान. मोटार तीच, मग हा फरक कशाचा? उष्णतेचा. तासाभरात मोटार जितकी तापते तितके ती सोसते; त्याच जोराने तिला दिवसभर हाकली तर आतल्या तारांवरचे वेष्टन करपते. लोणावळ्याला बँकर सुटतो, मोकळा खाली येतो, आणि तेवढ्यात त्याचे अंग निवते. जोर किती लावला याइतकाच तो किती वेळ लावला हाही प्रश्न आहे, हे घाटाने आपल्याला शंभर वर्षे शिकविले आहे.

हा जुना धडा आज सांगण्याचे कारण अगदी नवे आहे. मागच्या काही वर्षांत आपल्या मुलांनी घराघरांत संगणकाची ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस चालवून ‘क्रिप्टो’ नाणी मिळविण्याचा उद्योग केला, आणि त्यातली कितीतरी कार्डे तापून निकामी झाली. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आम्हांला यंत्रातले जे काही कळते ते फिटर, वायरमन आणि भट्टीवरचे कामगार यांच्याजवळ बसून कळलेले आहे. तेवढ्या शिदोरीवर हा विषय उलगडून पाहू.

प्रथम, हा उद्योग काय होता? बिटकॉइन २००९ साली आणि इथेरियम २०१५ साली सुरू झाले. ही अशी जमाखर्चाची वही आहे, की जी कोणा एका पेढीत नसून हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. नवे पान कोणी जोडावयाचे हे ठरविण्यासाठी एक शर्यत लावली होती. संगणकाने एकामागून एक आकडे टाकून पाहावयाचे. ज्याचा आकडा अटीत बसेल त्याने पान जोडावे आणि बक्षीस म्हणून नवी नाणी घ्यावीत. यालाच मायनिंग म्हणजे खाणकाम असे नाव पडले. त्यात बुद्धीचे काम काही नाही. कुलपाला किल्ल्या लावून पाहण्यासारखा तो प्रकार आहे, फक्त किल्ल्या कोट्यवधी. बिटकॉइनसाठी पुढे खास यंत्रे निघाली. इथेरियमचे काम मात्र साध्या ग्राफिक्स कार्डावर होत असे, म्हणून ते घरगुती माणसाच्या आवाक्यात आले.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचे चित्र रंगविणारा संगणकाचा भाग. चित्राचे हजारो ठिपके एकाच वेळी काढावयाचे म्हणून त्यात लहान लहान गणकांची पलटणच असते. सप्टेंबर २०२० मध्ये निघालेल्या आरटीएक्स ३०८० या कार्डात असे ८,७०४ गणक आहेत आणि पूर्ण जोरात ते ३२० वॅट वीज घेते. पंपाची मोटार वीज खाऊन निदान पाणी तरी वर चढविते. कार्ड काही उचलत नाही, काही हलवीत नाही. घेतलेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. सहा कार्डांचा सांगाडा, दर कार्डाला २०० वॅट आणि बाकी सामानाला २०० वॅट धरले, तरी १,४०० वॅट झाले. म्हणजे खोलीत विजेची शेगडी पेटवून ठेवली आणि ती बारा महिने विझविलीच नाही, असे समजावे.

ही उष्णता बाहेर जाते कशी? खोपोलीचे वीजघर १९१५ सालचे आणि भिवपुरीचे १९२२ सालचे. अशा वीजघराच्या आवारातील मोठ्या ट्रान्सफॉर्मरकडे पाहा. आतल्या गुंडाळ्यांची उष्णता तेल उचलते, तेल ती बाहेरच्या पोकळ पंखांपर्यंत नेते, आणि पंखांवरून ती वाऱ्याला दिली जाते. कार्डाची व्यवस्था अशीच आहे. चिपेवर एक लेप असतो. तो उष्णता धातूच्या पात्यांना देतो. पात्यांवर छोटे पंखे वारा मारतात. तो वारा खोलीत जातो, आणि खोलीतून बाहेर पडतो. ही साखळी आहे. तिचा कोणताही एक दुवा तुटला की मागचे सारे तापत राहते.

आता दुवे कसे तुटतात ते पाहू. पंखा चोवीस तास फिरला की त्याचे बेअरिंग झिजते. धूळ बसली की वारा अडतो. लेप वर्षानुवर्षे तापून सुकतो. मेमरीच्या चिपांवर ज्या मऊ गाद्या लावलेल्या असतात त्या कडक होतात. हा मेमरीचा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. इथेरियमची आकडेमोड गणकांपेक्षा मेमरीला जास्त राबविणारी होती. दर प्रयत्नाला मेमरीतून सुमारे आठ हजार अक्षरे वाचावी लागत, आणि ३०८० सारखे कार्ड सेकंदाला नऊ-दहा कोटी प्रयत्न करी. त्यामुळे मुख्य चिप साठ अंशांवर शांत दिसे आणि शेजारची मेमरी ११० अंशांपर्यंत जाऊन पोचे. तेथे पोचल्यावर कार्ड स्वतःच आपला वेग कमी करते. आरटीएक्स ३०९० या थोरल्या कार्डाची अर्धी मेमरी तर पाठीमागे, पंख्याच्या वाऱ्याबाहेर बसविलेली आहे. ताप एकीकडे आणि थर्मामीटर दुसरीकडे, अशी ही स्थिती.

मग घर जुने असले की आणखी एक धोका येतो. सहा कार्डे एका संगणकाला जोडण्यासाठी रायझर नावाचे दुवे वापरतात. कार्डाची खाच ७५ वॅटपर्यंत वीज मागू शकते. पण स्वस्त रायझरला ज्या साटा जोडणीतून वीज दिली जाते, ती पेलते ५४ वॅट. म्हणून या जोडण्या वितळल्याची उदाहरणे जगभर झाली. शिवाय १,४०० वॅट म्हणजे सहा अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह. तो सहा अँपिअरच्या जुन्या सॉकेटातून अखंड घेणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी करणे होय.

आपल्या हवेची गोष्ट यात वेगळी काढून सांगितली पाहिजे. कार्ड किती तापेल याचे गणित सोपे आहे : खोलीचे तापमान अधिक कार्डाची स्वतःची वाढ. वाढ ४५ अंशांची असेल, तर २५ अंशांच्या खोलीत कार्ड ७० वर राहील. ४० अंशांच्या पत्र्याच्या खोलीत तेच कार्ड ८५ वर जाईल. आपल्याच जिल्ह्यात भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. थंड देशातल्या माणसाने सांगितलेला आकडा मे महिन्यातल्या कर्जतला लागू पडत नाही, तो यामुळे. आणि कार्डातल्या विजेच्या कपॅसिटरांबद्दल कारागिरांचा एक ठोकताळा आहे : तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. वरच्या उदाहरणात पंधरा अंशांचा फरक आहे. त्याचा अर्थ श्रोत्यांनी लावावा.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मायनिंग करणारे म्हणत की सतत एकाच तापमानावर चालणे हे वारंवार तापण्या-निवण्यापेक्षा बरे. त्यात तथ्य आहे. चिपेखालची झाळ, म्हणजे सोल्डर, तापले की पसरते आणि निवले की आकसते. या ओढाताणीने तिला तडे जातात. २००८ साली एनव्हिडिया या मोठ्या कंपनीला लॅपटॉपमधल्या चिपांच्या अशाच कच्च्या बांधणीपायी पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढून ठेवावे लागले होते. ज्यांनी विजेचा दाब उतरवून, थंड आणि वाहत्या हवेत कार्डे चालविली, त्यांची कार्डे पुष्कळ वर्षे टिकली आहेत. तेव्हा दोष मायनिंगचा नसून बेहिशेबी उष्णतेचा आहे. पण आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा जाते. सततच्या तापाचा झिजवा आणि तापण्या-निवण्याचे तडे, असे दोन्ही आपल्या वाट्याला येते.

खोपोलीच्या एका चाळीत आम्ही असा सांगाडा पाहिला. लोखंडी अँगलवर सहा कार्डे, समोर टेबलफॅन, आणि त्याच खोलीत रात्री झोपणारी चार माणसे. मुलाचे वडील कंत्राटी कामगार. पैसे कर्जाऊ आणलेले. मे महिन्यात दोन कार्डे गेली. विकणाऱ्याने हमी नाकारली. मुलाने आम्हांला वहीतली कमाई दाखविली. ती खोटी नव्हती. वीजबिलही त्याने लिहिले होते. वहीत एकच रकाना नव्हता : घसाऱ्याचा.

तो रकाना आपण घालून पाहू. समजा, सहा कार्डे दर पन्नास हजारांनी तीन लाखांना घेतली आणि दरमहा पंचवीस हजार हाती आले. १,४०० वॅटप्रमाणे महिन्याला सुमारे एक हजार युनिटे होतात. युनिटला दहा रुपये धरले तर दहा हजार बिल. उरले पंधरा हजार. कार्डे दोन वर्षे टिकली, तर घसारा महिन्याला साडेबारा हजार, आणि खरी कमाई अडीच हजार. तीच कार्डे उष्णतेने वर्षातच गेली, तर घसारा पंचवीस हजार, आणि दरमहा दहा हजारांचे नुकसान. नाण्याचा भाव तोच, मेहनत तीच. फायदा की तोटा हे खोलीच्या तापमानाने ठरविले.

सरकारी हिशेबातही हा रकाना रिकामाच राहिला. एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या उत्पन्नावर तीस टक्के कर लागला, आणि यंत्रसामग्रीवर केलेला खर्च संपादनाचा खर्च म्हणून धरला जाणार नाही, असे केंद्र सरकारने त्याच वर्षी मार्चमध्ये लोकसभेत स्पष्ट केले. पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती शर्यतच बंद केली. कार्डांवर चालणारे हे मुख्य काम एका दिवसात थांबले, आणि ज्यांची कार्डे जिवंत होती त्यांनाही ती विकण्यास काढावी लागली.

कामगार चळवळीच्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. त्यापूर्वी मालकाच्या वहीत माणसाच्या झिजण्याचा रकाना नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्यात हवा खेळती ठेवण्याचे आणि तापमान सोसवेल इतके राखण्याचे कलम आले, तेही भांडूनच. यंत्राला संघटना नाही. ते संप एकदाच करते, आणि तो मिटत नाही. परंतु चाळीतल्या त्या खोलीत यंत्राबरोबर माणसेही तापत होती, हे विसरता कामा नये. स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर झालेला मुलगा आपल्या घराला कारखाना करतो, आणि त्या कारखान्याला तपासनीस नसतो.

हा प्रश्न संपलेला नाही. खालापूरला लागूनच असलेल्या पनवेल तालुक्यात योट्टा कंपनीचे मोठे डेटा सेंटर २०२० पासून चालू आहे. अशा ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी कार्डे लावतात, त्यांतले एच १०० हे एकटे कार्ड ७०० वॅटपर्यंत वीज खाते. तेथे उष्णता बाहेर काढण्याची योजना इमारतीच्या नकाशातच असते आणि पाळीपाळीने माणसे तापमानावर नजर ठेवून असतात. भांडवलवाला घसारा आधी मोजतो. आपणच तो मोजीत नाही.

म्हणून चार गोष्टी सांगून आम्ही थांबतो. लॅमिंग्टन रोडवर जुने कार्ड घेण्यास जाल, तर ते अर्धा तास पूर्ण जोरात चालवून दाखविण्यास सांगा, आणि मुख्य चिपेबरोबर मेमरीचेही तापमान पाहा. पंखे हाताने फिरवून पाहा. खरखर करीत असतील तर किंमत पाडा किंवा परत या. घरी अखंड चालणारे कोणतेही यंत्र लावण्यापूर्वी वायरमनला बोलावून तारा आणि सॉकेट तपासून घ्या. आणि ते झोपण्याच्या खोलीत लावू नका. आणि उद्या कोणी नव्या नावाने घरबसल्या कमाईचे यंत्र घेऊन दाराशी आला, तर त्याला किती मिळेल हे विचारण्याआधी विचारा : हे यंत्र अखंड किती जोर पेलते, ते किती वर्षे टिकते, आणि मोडले तर कोणाचे मोडते?